शंभर म्हणजे शंभर काय?

गेल्या हिवाळ्यात आमच्या कुत्रीचे रात्रीचे भुंकणे शेजाऱ्यांना असह्य झाले, तेव्हा मी एक विद्युत गळपट्टा ऑनलाइन मागवला. खोक्यात पट्टा, त्याच्या आतल्या बाजूला दोन बोथट धातूची टोके, एक रिमोट आणि त्यावर शून्यापासून शंभरपर्यंत आकडे दाखवणारा छोटा पडदा. कुत्रीच्या गळ्यात घालण्यापूर्वी ती टोके मी स्वतःच्या मनगटावर टेकवली. वीसला मुंग्या आल्या. पस्तीसला हात आपोआप मागे गेला. पुढे जाण्याचे धैर्य झाले नाही. आयुष्य शासकीय नियमावल्यांत गेलेल्या माणसाला जो प्रश्न पडावा तोच मला पडला : हे शंभर म्हणजे शंभर काय? माहितीपत्रकात उत्तर नव्हते.

ते शोधू लागलो तेव्हा ब्रिटनमधील एक तांत्रिक अभ्यास हाती आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा गळपट्ट्यांच्या तेरा प्रकारांची प्रयोगशाळेत मोजणी केली होती. सर्वोच्च पातळीवर, तीन सेकंदांच्या झटक्यात एका पट्ट्याने ३.३ मिलिज्यूल ऊर्जा दिली, तर दुसऱ्याने २८७. म्हणजे ‘सर्वांत तीव्र’ या एकाच शब्दाखाली ऐंशी पटींहून अधिक अंतर दडलेले. कोरड्या कुत्र्याच्या अंगाचा विद्युतरोध सुमारे ६४० किलोओहम आणि भिजलेल्याचा अवघा १० किलोओहम, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. आपल्या पावसाळ्याचा विचार करा : सकाळी फिरायला नेलेले कुत्रे संध्याकाळी भिजून आले, तर रिमोटवरचा तोच आकडा त्याच्या मानेवर तोच राहीलच असे नाही.

यंत्र म्हणून पाहिले तर त्यात गूढ काही नाही. लहान बॅटरी, दाब चढवणारे मंडल, रेडिओ संदेश घेणारा ग्राहक, आणि केसांतून कातडीपर्यंत पोहोचणारी ती दोन टोके. टोके सैल राहिली तर झटका लागतो किंवा लागत नाही. घट्ट आवळली आणि तासन्‌तास तशीच ठेवली तर विजेचा संबंध नसतानाही केवळ दाबाने जखमा होतात.

माझ्यातला जुना अधिकारी अस्वस्थ झाला तो पुढच्या गोष्टीने. अशा उपकरणाच्या रेडिओ लहरींसाठी आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते. त्यातील लिथियम बॅटरी भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणीत येते. लहर तपासायला एक खाते, बॅटरी तपासायला दुसरे. आणि ज्यासाठी ही वस्तू विकत घेतली जाते तो झटका मात्र कोणत्याही टेबलावर येत नाही.

वीज आणि जनावर यांचा संबंध शासनाला नवा नाही. ओडिशात जिल्हाधिकारी असताना रानडुकरांसाठी शेताच्या तारेवर थेट आकडा टाकल्याने हत्ती आणि माणसे दगावल्याचे पंचनामे मी वाचले आहेत. त्याच शेतावर रीतसर ऊर्जायंत्र बसवलेले कुंपण असते, तर जनावर दचकून परतले असते. त्या यंत्राचे आंतरराष्ट्रीय मानक सेकंदाला एकाहून अधिक स्पंद देऊ देत नाही आणि एका स्पंदाची ऊर्जा पाचशे ओहमच्या भारावर पाच ज्यूलपुरती बांधून ठेवते. कुंपणाच्या तारेला लागू होणारी ही शिस्त गळ्यातल्या पट्ट्याला का नसावी?

१९६५ चे ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांविषयीचे केंद्रीय नियम आज चाळले तरी त्यांचा नेमकेपणा चकित करतो. गाढवाच्या पाठीवर ५० किलो, उंटावर २५०. दिवसात नऊ तासांहून अधिक काम नाही. पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडीला जुंपायचे नाही. टोकदार पराणी आणि काटेरी लगामही नाव घेऊन मना केले आहेत. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातही घोडे-बैलांना डागण्यास ज्या तिथींना मनाई, त्या तिथी मोजून दिल्या आहेत. (इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा मोह आवरत नाही.) पराणीची आर डोळ्यांना दिसत होती म्हणून नियमात आली. गळपट्ट्यातील आर दिसत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अनावश्यक वेदना देण्यास मनाई आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. ही शिक्षा अपुरी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जल्लीकट्टू निकालातच म्हटले होते. कुत्र्यांचे प्रजनन व विक्री यांविषयी २०१७ चे, प्राणी विकणाऱ्या दुकानांविषयी २०१८ चे नियम आले. त्यांचा भर पैदास, पिंजरे आणि नोंदवह्या यांवर आहे.

इथवर येऊन मी मानकाच्या बाजूचा झालो होतो : ऊर्जेची कमाल मर्यादा ठरवा, झटका आपोआप थांबण्याची वेळ ठरवा, विषय संपला. माझे मत बदलले ते हॅनोवरच्या एका प्रयोगाने. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बीगल जातीच्या कुत्र्यांचे तीन गट केले होते. एका गटाला कृत्रिम सावजाला तोंड लावताक्षणी झटका मिळे, दुसऱ्याला हाकेला न आल्यास, तिसऱ्याला केव्हाही. पहिल्या गटात ताणाचे संप्रेरक फारसे वाढले नाही; तिसऱ्यात ते सर्वाधिक वाढले आणि दुसऱ्यातही लक्षणीय. प्रश्न निव्वळ विजेच्या मात्रेचा राहिला नाही. आपले कोणते कृत्य आणि कोणती वेदना यांचा संबंध कुत्र्याला कळतो की नाही, हे रिमोट धरणाऱ्या अंगठ्याच्या वेळेवर ठरते, आणि त्या अंगठ्याला मानक लावता येत नाही. मी स्वतः तो रात्री दोन वाजता, झोपमोडीच्या रागात दाबणार होतो.

वेल्सने २०१० मध्ये अशा पट्ट्यांच्या वापरावर बंदी घातली. जर्मनीच्या संघराज्य प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्येच त्यांचा वापर बेकायदा ठरवला. इंग्लंडमध्ये बंदीच्या नियमांना २०२३ मध्ये लॉर्ड्स सभागृहाची संमती मिळाली, पण कॉमन्सची मिळाली नाही आणि ते अडले. विरोधकांचा मुद्दा हलका नव्हता : मेंढ्यांमागे धावणारे कुत्रे मालकाच्या हाकेला आले नाही, तर शेतकऱ्याची गोळी त्याची वाट पाहत असते. पण नेमक्या अशाच कुत्र्यांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात बक्षीस देऊन शिकवलेली कुत्री गळपट्ट्याने शिकवलेल्यांपेक्षा मागे राहिली नाहीत.

केंद्र सरकारला १९६० च्या कायद्याच्या अडतिसाव्या कलमाखाली नियम करता येतात. संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. झटका देणाऱ्या गळपट्ट्यांची आयात, विक्री आणि वापर त्यात नाव घेऊन मना करावा. केवळ कंप किंवा ध्वनी देणारे पट्टे, जे बहिऱ्या कुत्र्यांना हाक मारण्यासाठी खरोखर उपयोगी पडतात, त्यांना हात लावू नये. पोलीस व निमलष्करी दलांच्या श्वानपथकांसाठी सवलत मागितली जाईल. ती देऊ नये, असे माझे मत आहे. ‘शासकीय कामासाठी वगळून’ या चार अक्षरी शब्दांतून काय काय बाहेर पडते ते मी नोकरीत पुरेसे पाहिले आहे. त्याच कलमानुसार मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. तेव्हा उत्पादकांनी आपल्या शंभराचा अर्थ मिलिज्यूलमध्ये लिहून द्यावा. कुत्री अजून रात्री भुंकते. पलंग माझ्या खोलीत आणल्यापासून थोडे कमी.