रक्ताचा सामू ७.४ असतो
धातूंच्या ऑक्साइडांपासून घडवलेल्या अब्जांश पदार्थांवर आधारित ग्लुकोज संवेदकांविषयीचे शोधनिबंध सातत्याने प्रसिद्ध होत असले, तरी मधुमेही व्यक्ती घरी जी पट्टी वापरते, ती आजही विकरावरच, म्हणजे एन्झाइमवर, चालते. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडलेली विकरयुक्त विद्युतअग्राची कल्पनाच तिच्या मुळाशी आहे. विकर हे प्रथिन असल्याने त्याची क्रियाशीलता उष्णतेने व काळाने घटते, म्हणून निकेल, तांबे किंवा कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांनी त्याची जागा घ्यावी, हा विचार योग्यच आहे.

अडचण आहे ती अभिक्रियेतच. निकेलच्या अग्रावर विद्युतदाब दिला की हायड्रॉक्साइडचे ऑक्सिहायड्रॉक्साइड होते, ते ग्लुकोजचे ऑक्सिडीभवन घडवून पुन्हा मूळ रूपात येते, आणि हे चक्र फिरत राहण्यास हायड्रॉक्सिल आयनांचा भरपूर पुरवठा लागतो. त्यामुळे बहुतेक मोजमापे ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, म्हणजे सामू १३ च्या आसपास केली जातात. रक्ताचा सामू मात्र ७.३५ ते ७.४५ असतो आणि तेथे हा संकेत अत्यंत क्षीण होतो. ढवळत्या अल्कलीत सीरमचे काही मायक्रोलिटर सोडून आलेखावर उमटलेल्या पायरीला ‘प्रत्यक्ष नमुन्याची चाचणी’ म्हणण्याची प्रथा रूढ झाली आहे, पण एवढ्या विरलनानंतर त्यातील प्रथिने, युरिक आम्ल व ॲस्कॉर्बिक आम्ल यांचा अडथळा जवळजवळ उरतच नाही, आणि खरी परीक्षा तर त्याच अडथळ्याची असते.

संवेदनक्षमतेच्या आकड्यांचे अप्रूपही थोडे आवरायला हवे. उपाशीपोटी निरोगी रक्तात ग्लुकोज लिटरमागे सुमारे ४ ते ५.५ मिलिमोल असते आणि मधुमेहात ते २० च्या वर जाऊ शकते. तेथे मायक्रोमोलपर्यंतच्या शोधमर्यादेपेक्षा रुंद रेषीय पल्ला अधिक मोलाचा. घाम व अश्रूंची गोष्ट वेगळी, कारण त्यांत ग्लुकोज फारच कमी असते आणि ऑक्साइडांना खरा वाव तेथे आहे.

याहून गंभीर प्रश्न इतर शर्करांचा आहे. एका विशिष्ट विकराच्या पट्ट्या माल्टोज व ग्लुकोज यांत फरक करू शकत नसल्याने, शरीरात ज्यापासून माल्टोज बनते त्या इकोडेक्स्ट्रिनयुक्त द्रावणाने उदर डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांची साखर खोटी वाढलेली दिसे आणि त्यांना इन्सुलिन जास्त दिले जाई; अशा चुकीच्या मोजमापांशी निगडित १३ मृत्यूंची नोंद देत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला. ऑक्साइडाचा पृष्ठभाग तर फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज व माल्टोज या तिन्हींचे ऑक्सिडीभवन करतो, त्यामुळे या शर्करा नाममात्र प्रमाणात मिसळून ‘निवडकता सिद्ध झाली’ असे लिहिणे रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

अग्रालगतच्या पाण्याचे विद्युत्-अपघटन करून तेवढ्यापुरती अल्कधर्मिता निर्माण करण्याचा मार्ग काही प्रयोगशाळांनी चोखाळला आहे आणि तो आशादायक आहे. प्रस्तुत मासिकाकडे येणाऱ्या हस्तलिखितांत यापुढे सामू ७.४ च्या, क्लोराइडयुक्त बफरमधील आणि विरल न केलेल्या सीरममधील निष्कर्ष असावेत, अशी अपेक्षा आहे. ते प्रतिकूल असले, तरी तेवढ्या कारणाने लेख परत केला जाणार नाही.