कपाटातले जीपीएस बाहेर काढा

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी चेन्नईला बाबांकडे होतो. तिथला उकाडा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ठाऊक आहे की सकाळी नऊनंतर बाहेर पडायची सोय नसते. म्हणून आईने मला कपाट आवरायला बसवले आणि त्यात बाबांचे जुने गार्मिन ईट्रेक्स २० सापडले. हे मॉडेल २०११ साली आले, म्हणजे माझ्याहून जेमतेम वर्षाने लहान. दोन पेन्सिल सेल घातले आणि ते सुरूही झाले. पण नकाशा म्हणून पडद्यावर दिसत होते ते काय, तर एवढ्या मोठ्या चेन्नईत दोन-चार रस्ते आणि समुद्राचा किनारा.

"टाकून दे, मोबाइलमध्ये सगळं असतं," आई म्हणाली. आपल्याला शाळेत मोबाइल मिळत नाही, हे ती विसरली असावी.

असे दोन संच आपल्या शाळेच्या स्टोअरमध्येही पडून आहेत. 'जुने झाले, नकाशे नाहीत' हे त्याचे कारण सांगितले जाते. मला ते पटत नाही. यंत्र चालते आहे आणि नकाशे फुकट मिळतात. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि आज जगभरातले साधे लोक तो भरतात. कोणी आपल्या गावची विहीर दाखवतो, कोणी गडाची वाट. त्यातून गार्मिनला समजणारी फाइल बनवण्यासाठी एमकेजीमॅप नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तयार फाइलीही मिळतात. मायक्रोएसडी कार्डावर 'गार्मिन' नावाचा फोल्डर करायचा, फाइल त्यात ठेवायची आणि सेटअपमध्ये जाऊन नकाशा चालू करायचा. बस्स.

मला या 'बस्स'ला दोन दिवस लागले. आधी फाइल फोल्डरच्या बाहेरच ठेवली. मग कॉपी पूर्ण व्हायच्या आत केबल ओढली, आणि यंत्र सुरूच होईना. पोटात गोळा आला. कार्ड काढल्यावर ते सुरू झाले. तेव्हा अनुभवाने सांगतो, नकाशा कार्डावरच ठेवा, यंत्राच्या आतल्या फाइलींना हात लावू नका. सगळा भारत भरायचा हट्टही नको, जिथे जायचे तेवढा तुकडा पुरे. आणि 'लॉक ऑन रोड' बंद करा, नाहीतर तुम्ही पायवाटेवर असताना यंत्र तुम्हाला शेजारच्या डांबरी रस्त्यावर नेऊन बसवते.

पहिली चाचणी मी सेंट थॉमस माउंटवर घेतली. तमिळमध्ये त्याला परंगीमलै म्हणतात. टेकडी छोटीच आहे, पण भारताच्या नकाशाची मोठी गोष्ट तिथे सुरू झाली. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने तिथल्या मैदानात पहिली पायारेषा मोजायला घेतली. अंतर साडेसात मैल, हातात शंभर फुटी पोलादी साखळी. उन्हाने साखळी लांबते म्हणून तिच्यावर सावली धरायची आणि तापमान लिहून ठेवायचे. ५७ दिवस हे चालले होते. तेही चेन्नईच्या उन्हाळ्यात! पुढे वीस वर्षे तो मोजतच राहिला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला, कामावर असतानाच वारला. मी मात्र वर चढून तीस सेकंदांत अक्षांश-रेखांश वाचले आणि सरबत प्यायला खाली आलो.

इथवर मी यंत्रावर फारच खूश होतो. मग दिवाळीत जुन्नरला मामाकडे गेलो आणि आम्ही जीवधनला निघालो. गडाखालच्या रानात दोन वाटा फुटल्या. नकाशावर तुटक रेघ डावीकडे जात होती, समोच्च रेषाही विरळ होत्या. मामा म्हणाला, "मळलेली वाट उजवीकडे आहे." मी म्हणालो, "नकाशा डावीकडे सांगतोय." माझ्या हट्टापायी आम्ही अर्धा तास एका ओहोळातून चढलो-उतरलो आणि ओहोळ संपला तिथे पायाखाली सरळ कडा होता. दोन पुरुष उंचीचा असेल. मामा मला काही बोलला नाही, नुसता मागे वळला. तो बोलला असता तर बरे वाटले असते.

नंतर मी याचा विचार केला. ती रेघ बहुधा आमच्यासारख्याच चुकलेल्या कोणाची होती. त्याने आपला मार्ग जसाच्या तसा नकाशावर चढवला असणार. आणि फुकट नकाशांतल्या समोच्च रेषा बहुतेक वेळा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानातून केलेल्या मोजणीवरून काढलेल्या असतात. त्यात साधारण दर तीस मीटरला एक उंची असते. दोन उंचींच्या मधला बारा फुटांचा कडा त्यात उतार होऊन जातो. सह्याद्री तर पायऱ्यापायऱ्यांचाच डोंगर आहे.

आमचे मॅप रीडिंगचे सर म्हणतात की यंत्र हातात आले की कॅडेटचे डोके बंद पडते. जीवधनला माझे तेच झाले होते, म्हणून मी वाद घालत नाही. पण त्यावर संच कुलुपात ठेवणे हा उपाय नाही. पुढच्या ट्रेकला संच एका कॅडेटच्या खिशात राहावा, बाकीच्यांनी टोपोशीट आणि कंपासवर वाट काढावी, आणि प्रत्येक हॉल्टला आपला ग्रिड रेफरन्स यंत्राशी ताडून पाहावा. कोण चुकले ते तिथल्या तिथे कळेल. कधी यंत्रही चुकेल.

पालकांना शंका येईल की हे कायद्यात बसते का. यंत्र उपग्रहांकडून फक्त ऐकते, काही पाठवत नाही. आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीयांना नकाशे बनवायला आधीसारखी पूर्वपरवानगी लागत नाही. तरी छावणीचे किंवा आपल्या शाळेचे आवार आपण नकाशात भरू नये, एवढे भान आपल्याला असलेच पाहिजे. (भारतीय सर्वेक्षण विभागाच्या खुल्या नकाशांनाही ओएसएमच म्हणतात आणि ओपनस्ट्रीटमॅपलाही. सरांसमोर बोलताना मी एकदा यात फसलो आहे.)

जुन्नरहून परत आल्यावर मी नकाशावरची ती रेघ पुसायला निघालो होतो. मग वाटले, मी एकदाच गेलो, तेही चुकून. पुसणारा मी कोण? शेवटी तिथे एक टीप ठेवली, 'ओहोळाच्या शेवटी कडा आहे, वाट उजवीकडून.' कोणी जाणकार पाहील. माझ्या ईट्रेक्समध्ये मात्र ती रेघ अजून तशीच आहे, कारण जुने यंत्र स्वतःहून काही बदलत नाही. मे महिन्यात चेन्नईला गेलो की नवी फाइल चढवणार आहे, आणि केबल शेवटपर्यंत ओढणार नाही.