अंदाज कुलाब्याचा, भात धसईचे



भात कापून कडपे शेतात पडलेले असतात, तेव्हा आम्हाला एकच विचारायचे असते : उद्या धसईत पाऊस आहे काय? रेडिओ म्हणतो, ‘ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी’. तुरळक म्हणजे ठाण्याची खाडी की आमचा सह्याद्रीचा पायथा?

हवामान खाते १८७५ सालचे. मुख्यालय दिल्लीला, खाली सहा प्रादेशिक केंद्रे. विदर्भाचे नागपूरला, आमचे कुलाब्याला. शेतकऱ्याशी बोलणारी पायरी होती ती कृषी विज्ञान केंद्रांतल्या जिल्हा कृषी हवामान घटकांची. तालुकावार सल्ला तिथून निघे. देशभरचे असे १९९ घटक २०२४ च्या आरंभी सरकारने गुंडाळले. माणसे कंत्राटी, त्यामुळे आरडाओरडही फारशी झाली नाही. युक्तिवाद असा की माहिती आता यंत्रे गोळा करतात. करोत बापडी! पण ‘आज कडपे उचला’ हे यंत्र सांगणार आहे काय?

त्याच ऑक्टोबरात ग्रामपंचायतवार अंदाज सुरू झाला. चांगलेच झाले. तो मात्र मोबाईलवर, आणि पाड्यावर रेंज शोधायला टेकडी चढावी लागते.

आमचे मागणे साधे आहे. घटक पुन्हा उघडा, कायम पदांवर माणसे नेमा, आणि कापणीच्या दिवसांत रोजचा अंदाज पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा.