वहीच्या कागदाची नोट

मंडळी, घरात आजोबा-पणजोबांच्या वेळची जुनी पेटी असेल तर जरा चाळून पाहा. मधे भोक पाडलेला पैसा हाती लागेल. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा १९४३ पासून तो निघाला. आपल्याकडे भोकावर भागलं. त्याच लढाईत फिलिपाईन्समधल्या शेतकऱ्यांवर मात्र फार बाका प्रसंग आला.

फिलिपाईन्स हा बेटांचा, भातशेतीचा देश. त्या वेळी तिथे अमेरिकेची सत्ता होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हल्ला केला. आता मनिला या राजधानीहून बेटोबेटी पैसा पोचणार कसा? म्हणून अध्यक्ष केसॉन यांनी प्रांतांना आपापल्या नोटा छापायला मुभा दिली. जानेवारी १९४२ मध्ये मनिला पडलं. पण नेग्रोस, बोहोल, मिंडानाव अशा बेटांवर रानात शिरलेल्या गनिमी फौजांनी लढाई सोडली नाही आणि छपाईही सोडली नाही.

छपाई तरी कसली! मिळेल तो कागद घ्यायचा. कुठे पुडे बांधायचा, कुठे पोरांच्या शाळेच्या वहीचा. लाकडी ठशांनी छापायचं, अक्षरं चुकायची, शाई फुटायची. खाली मंडळाच्या सभासदांच्या सह्या. एवढ्या कागदावर गनीम शेतकऱ्याकडून तांदूळ घेत.

जपान्यांनीही आपल्या नोटा काढल्या. त्या देखण्या होत्या, पण त्यांच्यामागे संगिनीशिवाय काही नव्हतं. गनिमांची नोट जवळ सापडली तर मारहाण, प्रसंगी मृत्युदंड. म्हणजे दारात तांदूळ मागायला आलेल्या माणसाची नोट घ्यायची, तर ती घरात लपवण्यात जिवाला धोका. नाही घ्यायची, तर आपल्याच पोरांना रानात उपाशी ठेवायचं. ज्याच्या घरात वर्षाचं धान्य तेवढंच आहे, त्याने काय करावं? पुष्कळांनी नोट घेतली. अडाणी म्हणून नव्हे, चांगलं समजून उमजून घेतली, असं मला वाटतं.

जपानी नोटांचं पुढे हसंच झालं. लोक त्यांना ‘मिकी माऊसचा पैसा’ म्हणू लागले. १९४४ पर्यंत भाव असे चढले की बाजाराला जाताना नोटा पिशवीत भरून न्याव्या लागत. १९४५ मध्ये जपान हरला आणि त्या नोटांची रद्दी झाली.

गनिमांच्या नोटांपैकी काही लढाईनंतर सरकारने बदलून दिल्या, सगळ्या नाहीत. उरलेल्या आज जुन्या नोटा जमवणाऱ्यांकडे दिसतात, वहीच्या रेघांसकट.