तारीख महिनाभर आधी ठरते, मग रक्ताची पळापळ आदल्या रात्री का?

"अर्जंट बी पॉझिटिव्ह पाहिजे, दोन पिशव्या, सोलापूर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन उद्या सकाळी."

कळंब-तुळजापूरच्या ग्रुपवर असा मेसेज पडला की आपली पोरं गाडीला किक मारतात. कौतुकच आहे. पण अहो, हा काय अपघात आहे का? सांधा बदलायची तारीख महिनाभर आधी ठरलेली असते!

आमच्या शेजारच्या मावशींचं हिमोग्लोबिन पहिल्यांदा तपासलं ते ॲडमिट झाल्यावर. निघालं नऊ. "काही नाही, रक्त चढवू." आयुष्यभर सोयाबीन काढलेली, घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी बाई. तिचं रक्त कमी असणार हे सांगायला ज्योतिषी लागतो का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला. साठीत तो आपोआप जातो काय?

महिनाभर आधी तपासा. कमी असेल तर कारण शोधा, लोहाच्या गोळ्या द्या, वेळ कमी असेल तर शिरेतून लोह द्या. आणि ट्रानेक्झामिक ॲसिडचं विचारा. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी 1960 च्या दशकात पुढं आणलेलं हे औषध. जखमेवर धरलेली गुठळी ते लवकर विरघळू देत नाही, म्हणून रक्त कमी जातं. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यानं रक्त चढवायची गरज बरीच घटते. पायात गुठळी होऊन गेलेली असेल, फिट येत असतील तर आधी सांगा. द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. बरेच डॉक्टर वापरतातही, त्यांच्याशी भांडण नाही.

भांडण आहे ते "ताकदीसाठी एक पिशवी लावून टाकू" या सवयीशी. रक्त म्हणजे टॉनिक नव्हे. ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन आठच्या वर आहे, पेशंटला धाप-चक्कर नाही, तर बहुतेकदा रक्त लागत नाही. (आपले नातेवाईकही कमी नाहीत, स्वतःहून मागतात.) मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद. तीच पिशवी थॅलेसेमियाच्या लेकराला हवी असते, बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला हवी असते.

2017 ला केंद्रानं सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हापासून आपण "सांधा केवढ्याचा?" विचारायला शिकलो. आता "हिमोग्लोबिन कधी तपासणार?" हेही तारीख घेतानाच विचारा.

तुमच्या घरी ऑपरेशनच्या किती दिवस आधी तपासलं होतं? कमेंटमध्ये लिहा. दवाखान्याचं नाव नको, फक्त दिवस सांगा.