बराकींचे पुढे काय होते? वैरागड ते वांगेतुरी

१/ आमच्या आरमोरी तालुक्यात वैरागडचा गोंडकालीन किल्ला आहे. तट आणि खंदक अजून दिसतात; ज्या सत्तेने ते राखले ती केव्हाच लयाला गेली. लढाईसाठी उभारलेली वास्तू शांतता आल्यावर आपोआप लोकांच्या उपयोगी पडत नाही. ती बहुधा ओस पडते. गडचिरोलीत हा प्रश्न आता वर्तमानाचा झाला आहे.

२/ याला अपवाद आहेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी पाच छावण्या बांधल्या गेल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीचे नामकरण 'उल्हासनगर' असे झाले. तेथे आजही पत्ता सांगताना कॅम्पचा क्रमांक सांगतात.

३/ तेथे भिंती त्याच राहिल्या, कारभार मात्र लष्कराकडून नागरी प्रशासनाकडे गेला. माझ्या मते खरे रूपांतर हेच.

४/ आता आपल्याकडे पाहू. १९८०च्या सुमारास गोदावरीपलीकडून माओवादी दलम येथे आले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. मधल्या साडेचार दशकांत आदिवासी आणि पोलीस, दोघांनीही माणसे गमावली.

५/ नोव्हेंबर २०२३ मध्ये छत्तीसगड सीमेलगत वांगेतुरी येथे पोलीस ठाणे अवघ्या २४ तासांत उभे राहिले. जिल्ह्यातील ठाण्यांत 'पोलीस दादालोरा खिडकी' चालते. दाखले आणि योजनांचे अर्ज तेथेच भरले जातात. हे काम मोलाचे आहे.

६/ परंतु जातीचा दाखला बंदुकीच्या पहाऱ्याआडून मिळावा, ही कायमची व्यवस्था असू शकत नाही. 'पोलीस हटले तर हिंसा परतेल' हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ठाणी पाडू नयेत; त्यांच्या आवारात तलाठी, परिचारिका आणि शिक्षक यांना त्यांच्या स्वतःच्या खात्याच्या अधिकारात बसवावे. एका दिवसात ठाणे उभे राहते, तर आरोग्य उपकेंद्राला वर्षे का लागावीत?

७/ हे एका राज्याचे काम नव्हे. माडिया समाजाच्या सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. १९७३ साली सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात छत्तीसगड आणि तेलंगणातूनही रुग्ण येतात. नक्षलविरोधी मोहिमांसाठी तिन्ही राज्यांचे पोलीस समन्वय साधत आले. तोच समन्वय आता रुग्णवाहिका, पूल आणि शाळा यांसाठी का नको? पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो; तेव्हा मोहिमेचे हेलिकॉप्टर बाळंतिणीसाठी उडावे, असा लेखी करार तिन्ही राज्यांनी करावा.

८/ सुरक्षेसाठी येणारा निधी धोका ओसरला की आटतो. त्याआधी या वास्तू नागरी खात्यांच्या नावावर व्हायला हव्यात. एरवी पुढची पिढी त्यांच्याकडे वैरागडच्या तटांसारखी पाहील.