जागिरी गेल्या, मग टिकलं काय?

"आपल्याकडं एकेकाळी खूप होतं." मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत हे वाक्य ऐकतच आपण वाढलो. वसमत तालुक्यातलं कुरुंदाही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातच होतं. पण ते 'खूप' गेलं कसं, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. तेव्हाच्या हिंसाचाराची सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत सुंदरलाल समितीनं शेजारच्या नांदेडचं नाव घेतलं. त्या लुटीत जे गेलं, त्याचा दोष घरच्यांना देता येणार नाही. पुढची गोष्ट वेगळी आहे. १९४९ मध्ये जागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला, १९६१ मध्ये कमाल जमीन धारणेचा. जागीर म्हणजे राज्यकर्त्यानं दिलेला वसुलीचा हक्क. देणारा गेला, तसा हक्कही गेला.

खुद्द निजामांचंच बघा. १९३७ मध्ये 'टाइम'नं मीर उस्मान अली खान यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हटलं होतं. राज्य गेल्यावर त्यांनी संपत्ती ट्रस्टमध्ये बांधली. त्यामुळं जडजवाहीर विखुरलं नाही. १९९५ मध्ये केंद्र सरकारनं ते सुमारे २१८ कोटींना घेतलं. पण १९६७ मध्ये नातू मुकर्रम जाह वारस झाले, तेव्हा हजारो नोकरचाकर आणि नातलगांचे दावे गळ्यात पडले. १९७१ मध्ये तनखाही बंद झाला. २०२३ मध्ये ते इस्तंबूलमध्ये वारले, तोवर त्या दौलतीचा मोठा भाग हातातून गेला होता.

आता खानदेशातलं अमळनेर घ्या. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी तिथं १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली. १९६६ मध्ये ते अचानक गेले. मुलगा अझीम अवघा २१ वर्षांचा. अमेरिकेतलं शिक्षण सोडून आला आणि कारखान्यात बसला. तुपावरून साबण, साबणावरून संगणक, अशी त्याची विप्रो झाली.

फरक नशिबाचा कमी, कामाचा जास्त आहे. एकीकडं वसुलीवर चालणारं घर होतं, दुसरीकडं काळ बदलला तसा धंदा बदलणारं.

कुरुंद्याच्या शिवारात आज हळद आहे, ऊस आहे. भाव चढले की लग्नं मोठी होतात, पडले की शेत गहाण जातं. म्हणून आपण काही गोष्टी आजच करायला हव्यात. आजोबांच्या नावावर अडकलेल्या सातबाऱ्यावर वारसांची नोंद लावू. मुलींचा कुराणानं ठरवलेला हिस्सा भांडण होण्याआधीच देऊ. आणि चांगल्या वर्षाचा पैसा मंडपापेक्षा पोरा-पोरींच्या शिक्षणात घालू.

"खूप होतं" हे आपण ऐकलं. पोरांनी "काहीतरी आहे" म्हणावं, एवढं तरी करू या.